थंडीतलं घरचं शिक्षण: दिवसाची घडी कशी बसवता?

रानजाई (पुणे), २३ नोव्हेंबर

दिवाळी संपली, पाहुणे गेले, फराळाचे डबे घासून पालथे झाले आणि आमच्या घरातली अभ्यासाची घडी पार विस्कटली. थोरला ९ वर्षांचा, धाकटी ५. दोघंही घरीच शिकतात. जून ते ऑक्टोबर बरं चाललं होतं. बाहेर पाऊस, आत आम्ही, आठ वाजता गणित, मग भाषा, मग चित्रं. आता आठ वाजता दोघं पांघरुणात मुटकुळं करून पडलेले असतात. फरशी गार म्हणून कुणी पाय खाली टेकवत नाही. ओढून बसवलं तर अकरापर्यंत नुसती कुरबूर, आणि अकरानंतर बाहेर असलं सुंदर ऊन पडतं की वही उघडायची माझीच इच्छा होत नाही.

इन्स्टावर 'मुलांसाठी हिवाळ्याची लय' वगैरे बघितलं. मेणबत्त्या, लोकरीची ब्लँकेट्स, कोकोचे मग, खिडकीबाहेर बर्फ. डिसेंबरच्या दुपारी पुण्यात २८-२९ अंश असतात हो! कोको पिऊन घाम फुटेल.

तर प्रश्न असा की आपल्या हवेत चालेल अशी थंडीतली घडी कुणी बसवली आहे का? छापील वेळापत्रकं नकोत, ती माझ्याकडे ढीगभर आहेत.

द्राक्षबाग (निफाड तालुका), २३ नोव्हेंबर

आमच्याकडे थंडी खरीखुरी असते. पहाटे पारा पाचाच्या खालीही जातो. असं झालं की द्राक्षमण्यांची फुगवण थांबते, म्हणून रात्री बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबक सोडतात. आमच्या पोरांचा दिवस त्यामुळे शेकोटीपासूनच सुरू होतो. सकाळी वही नाही म्हणजे नाही. दूध, भाकरी, शेक. ऊन ओट्यावर उतरलं की पुस्तक घेऊन ओट्यावर, तिथून सरकलं की मागच्या पडवीत. उन्हामागे आम्ही.

गेल्या थंडीत मुलीने विचारलं, पहाटे ठिबक सोडून झाडं गारठणार नाहीत का? मग थर्मामीटर घेऊन बसलो. पहाटेची हवा ७, विहिरीचं पाणी २४. मे महिन्यात परत मोजलं, पाणी जवळजवळ तेवढंच, हवा मात्र ४० च्या पुढे. म्हणजे थंडीत कोमट वाटणारं आणि उन्हाळ्यात गार वाटणारं पाणी एकच. हा धडा कुठल्या वर्कबुकात सहा महिने पुरला असता, सांगा.

माझं म्हणणं एवढंच, थंडीत अभ्यासाला घड्याळ लावू नका, ऊन लावा.

मीठभाकर (डोंबिवली), २३ नोव्हेंबर

ऊन लावा म्हणे! आमच्या गॅलरीत ऊन येतं ते समोरच्या इमारतीच्या टाकीला वळसा घालून, पाऊण तास. ओटा नाही, पडवी नाही, विहीर नाही. मीही मुलाला घरीच शिकवते आणि सोबत अर्धवेळ अकाउंट्सचं काम करते. असे धागे वाचले की वाटतं, घरचं शिक्षण फक्त बागायतदारांनी करावं.

रानजाई, २३ नोव्हेंबर

मीठभाकर, म्हणूनच तर विचारलंय. मीही फ्लॅटातच आहे. एक मात्र लक्षात आलं. आमची दक्षिणेची खिडकी मे महिन्यात कोरडीच असते आणि आत्ता त्याच खिडकीतून ऊन थेट दिवाणापर्यंत येतं. सूर्य दक्षिणेला कललेला असतो ना या दिवसांत. अभ्यासाचं टेबल उत्तरेच्या खोलीत होतं, ते आजच ओढून इकडे आणलं. निम्मी कुरबूर तिथेच संपली.

उणेतीस (एडमंटन, कॅनडा), २४ नोव्हेंबर

माझ्या घरी मेणबत्त्याही आहेत आणि ब्लँकेट्सही, तेव्हा थोडी बाजू मांडते. :)

२१ डिसेंबरला इथे सूर्य सकाळी ८:४८ ला उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. साडेसात तासांचाही दिवस नाही. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात अंगात ड जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही, म्हणून मुलांना थेंब द्यावे लागतात. अशा ठिकाणी दिवे, उबदार कोपरा, गरम सूप याला सजावट म्हणता येत नाही. जानेवारीपर्यंत घरातल्या कुणाचं डोकं फिरू नये म्हणून केलेली ती तजवीज आहे. ती जशीच्या तशी उचलून पुण्यात नेली तर हास्यास्पदच दिसणार.

आमची घडी बरोबर उलटी आहे. सकाळी अंधारात अंकगणित आणि वाचन उरकून घेतो, कारण बाहेर जाऊन उपयोग नसतो. बारा ते दोन काहीही झालं तरी बाहेर, उणे २० च्या खाली गेलं तरच आत. चारनंतर दिवे लावून हातकाम, मराठी गोष्टी, आजीशी व्हिडिओ कॉल. मधले दोन तास बुडाले की संध्याकाळी घरात भांडणं ठरलेली.

अवांतर: इथे अल्बर्टात घरी शिकवणं कायदेशीर आहे. शाळामंडळाला कळवायचं, आणि मंडळाच्या देखरेखीखाली शिकवत असाल तर वर्षातून दोनदा त्यांचा शिक्षक येऊन मुलांचं काम बघतो.

ब्रेझेल (म्युनिक), २४ नोव्हेंबर

आणि जर्मनीत बंदी. मूल शाळेत गेलंच पाहिजे, नाहीतर दंड. तेव्हा मी फक्त वाचनमात्र. शनिवार-रविवारची घडी बसवायला या धाग्याचा उपयोग करीन म्हणते.

संत्रानगरी (नागपूर), २५ नोव्हेंबर

उणेतीस ताईंची मधल्या दोन तासांची गोष्ट पटली. आपण सगळे 'सकाळी काय' यावर डोकं फोडून राहिलो, पण थंडीत दिवसाचा खुंटा दुपारी ठोकावा लागतो.

आमच्याकडे दोन पोरं आणि मी. बायको बँकेत, त्यामुळे दिवसाची जबाबदारी माझी. गच्चीवर एक मीटरची काठी कुंडीत सरळ उभी केली आहे, ओळंबा लावून. दुपारी बाराच्या सुमारास पोरं वर जातात आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करतात. सगळ्यात आखूड सावली सापडली की ती मोजून वहीत लिहायची. पंधरा-वीस मिनिटांचं काम. पण त्याच्या आधी लिखापढी आणि त्याच्यानंतर बाहेर, असे दिवसाचे दोन भाग आपोआप पडले. 'आता काय करायचं' हा प्रश्नच गेला. कोणी उशिरा उठलं तरी सावली थांबत नाही, त्यामुळे मला ओरडावं लागत नाही.

दिवसातली ही सगळ्यात आखूड सावली दर दिवशी थोडी थोडी लांबते, २१-२२ डिसेंबरला सगळ्यात लांब होते आणि मग मागे फिरते. मे महिन्याच्या शेवटी आमच्याकडे ती एका दिवसापुरती नाहीशीच होते. कोणाकोणाला मोजायचं आहे? २२ डिसेंबरला सगळ्यांचे आकडे इथे टाकू. मीठभाकर ताई, गॅलरीचा पाऊण तास दुपारचा असेल तर तुम्हालाही जमेल.

मीठभाकर, २५ नोव्हेंबर

सकाळचा आहे. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमेल. वॉचमनकाकांना समजावावं लागेल.

माई (सातारा), २८ नोव्हेंबर

मी आजी आहे, नातवंडं घरीच शिकतात म्हणून लेकीने हा धागा दाखवला. काठीची गोष्ट छान. पण थंडीची घडी स्वयंपाकघरातही बसते, ते कुणी म्हणालं नाही.

मार्गशीर्ष लागला की दर गुरुवारी घरात काहीतरी वेगळं असतं. चंपाषष्ठीला भरीत-रोडगा, मग दत्तजयंती, मग धुंधुरमास, भोगी, संक्रांत आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. मुलांना 'आज कोणता वार' हे कॅलेंडर बघून सांगावं लागत नाही. धुंधुरमासात, म्हणजे साधारण १६ डिसेंबर ते संक्रांत, सूर्य उगवायच्या आत जेवण. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, भरीत. नातू म्हणतो आजी, अंधारात जेवायला पिकनिकसारखं वाटतं.

आणि हलवा. काटेरी हलवा थंडीतच जमतो. खसखस किंवा तीळ परातीत घेऊन मंद आचेवर चमचा चमचा पाक घालत बोटांनी फिरवत राहायचं. हवा कोरडी आणि गार लागते, पंखा नाही, घाई नाही, तरच काटा येतो. परात तापलेली असते, लहान मुलांचे हात त्यात नकोत. त्यांनी शेजारी बसून पाक किती चमचे गेला ते मोजावं आणि रोज एक दाणा वहीत चिकटवावा. चार-पाच दिवसांत दाणा कसा वाढला ते समोर दिसतं.

मीठभाकर, २८ नोव्हेंबर

माई, नमस्कार. राग मानू नका, पण पहाटे पाचला उठून बाजरी थापणार कोण? थंडीच्या 'घडी'चे सगळे किस्से शेवटी घरातल्या एकाच बाईच्या झोपेवर येऊन थांबतात. आधी मुलांना शिकवा, मग काम करा, वर पहाटेचं भरीत.

माई, २९ नोव्हेंबर

राग कसला. आमच्या वेळी पहाटे उठून रांधणारी एक आणि खाऊन परत गोधडीत शिरणारे बारा. त्याचं कौतुक मी कधीच केलं नाही. आमच्याकडे आता फक्त एक रविवार करतो. वांगी आदल्या रात्री जावई भाजून ठेवतो, खिचडी कुकरला, भाकरी मी थापते कारण मला आवडतं. बाकीचा महिना सगळे उजाडल्यावरच उठतात. देव काही हजेरी घेत नाही.

संत्रानगरी, २९ नोव्हेंबर

माई, +१००. आणि जावयाला नमस्कार सांगा.

मुक्तछंद (ठाणे), २ डिसेंबर

लहान मुलांच्या पालकांना हे सगळं शोभतं. माझी लेक १५ ची, एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीला बसतेय. एप्रिलची परीक्षा, आणि टीएमए, म्हणजे शिक्षकांकडून तपासले जाणारे लेखी गृहपाठ, जानेवारीच्या अखेरपर्यंत द्यायचे. त्यांना २० टक्के वजन असतं, त्यामुळे सोडून चालत नाही. तिची शेकोटी लॅपटॉपच्या पंख्याची. :(

एक केलंय. रात्रीचा अभ्यास बंद केला. थंडीत रात्री अकरापर्यंत बसली की सकाळी दहापर्यंत उठायची नाही, आणि मग दिवसभर चिडचिड. आता संध्याकाळी साडेसातला पुस्तकं मिटायची. रोज एक उत्तर हाताने लिहायचं, तेही दुपारी गच्चीत. टायपिंगची सवय झाल्यावर तीन तास हाताने लिहायची ताकद राहत नाही, हे इथल्या मोठ्या मुलांच्या पालकांनी आत्तापासून लक्षात घ्या.

पोपटीप्रेमी (अलिबागजवळ), ६ डिसेंबर

आम्हाला थंडी म्हणजे पहाटेचं दंव आणि संध्याकाळचा जरासा गारवा. पण भात कापून झाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, आणि शेंगा भरल्या की पोपट्या सुरू. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, हवी तर कोंबडी. पुन्हा पाल्याने तोंड बंद, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंब घालायचा नाही. 'पाण्याशिवाय शिजतं कसं?' हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी मूल विचारतंच, आणि आम्ही उत्तर देत नाही. उघडल्यावर शेंगा हातात देतो आणि शोधायला सांगतो.

आमच्या तीन घरांचं ठरलंय, थंडीत आठवड्यातली एक संध्याकाळ सगळी मुलं एकत्र. घरी शिकणाऱ्या मुलांना सोबत्यांची उणीव थंडीत जास्त जाणवते, कारण शाळेतल्या मुलांच्या या दिवसांत सहली आणि गॅदरिंगं चालू असतात. या विषयावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिलं.

रानजाई, ६ डिसेंबर

खरंय! थोरल्याने काल हेच विचारलं, "मला गॅदरिंग का नाही?" आम्ही पाच-सहा कुटुंबं मिळून जानेवारीत पाषाणला कुणाच्या तरी गच्चीवर करणार आहोत. नाटुकलं मुलांनीच लिहायचं, पालकांनी फक्त खुर्च्या मांडायच्या.

शाळेवरून आठवलं. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, मुलांची झोप हे कारण देऊन. मी मात्र घरात आठलाच घंटा वाजवत होते. सासूबाईंनी हे ऐकवल्यावर आमची 'शाळा'ही साडेनऊला गेली. त्याआधी दिवाणावरच, रजईत, मी मोठ्याने वाचते आणि दोघं ऐकतात. कधी तास जातो. भाषेचा तास वेगळा घेणंच बंद केलं.

द्राक्षबाग, १४ डिसेंबर

काल रात्री उल्का कुणी बघितल्या का? मिथुनेच्या. १३-१४ डिसेंबरला दरवर्षी असतात. शेकोटीला राखण होतीच, पोरांना बागेतच गोधड्या टाकून दिल्या. मृग, रोहिणी, कृत्तिका तिघांना ओळखता येतात आता. सकाळी अकराला उठले, मी काही बोलले नाही. सावली मात्र चुकवली नाही.

संत्रानगरी, २२ डिसेंबर

आकडे टाका रे बाप्पा!

नागपूर: ९८ सेंटिमीटर, दुपारी १२:१२ ला. काठी एक मीटर आणि सावलीही जवळजवळ तेवढीच. धाकट्याने लगेच सांगितलं, म्हणजे सूर्य पंचेचाळीस अंशांवर. भूमितीचं पुस्तक अजून उघडलेलं नाही त्याने.

रानजाई, २२ डिसेंबर

पुणे: ९० सेंटिमीटर, १२:३३. धाकटीने सावलीवर तिळाचे दाणे ओळीत मांडले, वाऱ्याने उडाले, रडारड.

द्राक्षबाग, २२ डिसेंबर

निफाड: ९५.

मीठभाकर, २२ डिसेंबर

डोंबिवली: ९२ की ९३ यावर मुलगा आणि वॉचमनकाका यांच्यात वाद चालू आहे. काकांनी स्वतःची दुसरी काठी लावली आहे.

उणेतीस, २३ डिसेंबर

एडमंटन: ४ मीटर २५ सेंटिमीटर! बर्फ सपाट नाही त्यामुळे पाच-दहा सेंटिमीटर इकडेतिकडे. टेप पुरली नाही, स्कार्फ जोडला. आणि गंमत बघा, वेळ १२:३२. पुण्यात तुमच्या घड्याळात १२:३३. मुलगा नकाशा घेऊन बसलाय. पुणे तुमच्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून जेवढं पश्चिमेला, तेवढंच आम्ही आमच्या रेखावृत्तापासून पश्चिमेला, साधारण साडेआठ अंश. त्याने स्वतः शोधलं. आजीला फोन करून पाठ करून दाखवलं.

मुक्तछंद, २३ डिसेंबर

लेकीने हे वाचून टीएमए बाजूला ठेवला आणि पुणे-एडमंटनच्या दोन सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढायला बसली. दोन्ही शहरं एका रेखावृत्तावर नाहीत, पण मध्यान्हीचीच सावली घेतली तर अक्षांशातला फरक मिळतो, असा तिचा युक्तिवाद आहे. बरोबर आहे ना? मी वाणिज्य शाखेची.

संत्रानगरी, २३ डिसेंबर

बरोबर आहे. फरक ३५ अंश येईल. पण या दोन गावांमधलं सरळ अंतर घेऊ नका म्हणावं, उत्तर-दक्षिण अंतरच घ्या, म्हणजे नकाशावर एकाच रेखावृत्तावर मोजलेलं.

पोपटीप्रेमी, ५ जानेवारी

एक शंका. २२ डिसेंबरपासून दिवस मोठा होतोय, सावलीही आखडतेय. मग सूर्य अजून उशिरा का उगवतोय? मुलीने रोजच्या वेळा लिहिल्यात, माझी बोलती बंद.

संत्रानगरी, ५ जानेवारी

सर्वात आखूड सावलीची वेळ बघा, तीही पुढे सरकतेय. आमच्याकडे १२:१२ होती, आता १२:१९. या दिवसांत सूर्याचा मध्यान्ह ते मध्यान्ह दिवस २४ तासांहून सुमारे अर्धा मिनिट मोठा असतो. एक तर पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वात जवळ असल्याने वेगाने पळते, आणि आसाचा कल आहेच. त्यामुळे उगवणं आणि मावळणं दोन्ही घड्याळात पुढे जातात. सूर्यास्त तर नोव्हेंबरच्या शेवटापासूनच पुढे जाऊ लागलेला असतो. आपल्याकडे सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला, म्हणजे संक्रांतीच्या आसपास.

माई, १३ जानेवारी

भोगीच्या शुभेच्छा. नातवाने विचारलं, सावली २२ डिसेंबरलाच फिरली, तर उत्तरायण उद्या कसं? लेकीने समजावलं की पृथ्वीचा आस हळूहळू डुलतो, म्हणून संक्रांत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकत गेली. फार पूर्वी दोन्ही एकाच दिवशी होतं. मला सत्तरीत हे पहिल्यांदा कळलं. भोगीच्या भाजीत गाजर, हरभरे, वांगी, पावट्याच्या शेंगा, बोरं सगळं नातवंडांनी निवडलं. हलव्याला काटा उत्तम आलाय.

उणेतीस, १३ जानेवारी

माई, इथे हवा इतकी कोरडी की काटा यायलाच हवा होता, पण माझे नुसते गोळे झाले. हीटरची गरम हवा थेट परातीवर येत होती, ते कारण असेल का?

सावली ३ मीटर ७३. अर्धा मीटरहून जास्त आखडली. अंगणात मुलं नाचली.

माई, १४ जानेवारी

तेच कारण. हीटर बंद करून, स्वेटर घालून करून बघ. आणि पाक एका वेळी अर्धा चमचाच घाल, दाणे सुटे झाल्याशिवाय दुसरा नको.

मीठभाकर, १६ जानेवारी

रथसप्तमीनंतर तुम्ही सगळे परत सकाळी आठला आणणार का अभ्यास? आमच्या पार्किंगमध्ये आता चार शाळकरी मुलंही रविवारी काठी मोजायला येतात, त्यामुळे दुपारची वेळ मला बदलता येणार नाही असं दिसतंय. वॉचमनकाका रजेवर गेले तर वही कोणाकडे द्यायची हेही ठरलंय.

संत्रानगरी, १६ जानेवारी

आमच्याकडे फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी गच्ची तापायला लागते. तोवर हेच. मार्चमध्ये सकाळी सातला सुरुवात आणि दुपारी झोप. काठी तिथेच राहील, मोजणी मात्र आठवड्यातून एकदाच करू. टोपी घालून.